तीस वर्षांची ग्रेन आणि सासऱ्यांचं नाक

लग्नानंतरची काही वर्षं मी माझ्या सासऱ्यांच्या तोंडून कुठल्याच पदार्थाची स्तुती ऐकली नव्हती. मी सांगलीचा, नोकरीसाठी चेन्नईला आलेला. ते तंजावरी मराठी. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त होऊन चेन्नईच्या टोकाला, तांबरमला, स्टेशनमागच्या गल्लीत, स्वतःच्या छोट्या घरात राहिलेले. आमच्या लग्नात मी नवरदेव म्हणून पानावर बसलो होतो, तेव्हा ते वाकून माझ्या कानात म्हणाले, "रसमाचा हिंग जुना आहे." मला वाटलं, आमच्याकडच्यांना टोमणा आहे. मग कळलं की आचारी त्यांचाच होता, आणि ते नव्या जावयाशी सलगी करत होते.

त्या घराचा कारभार त्यांच्या नाकावर चालायचा. सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात फिल्टरमध्ये कॉफीचं डिकाशन, म्हणजे कोरा अर्क, उतरवायच्या, आणि हे बाहेरच्या खोलीतूनच निकाल द्यायचे. आज पूड शिळी आहे. आज दूध तळाला लागलं. आज कढीलिंब कालचा. सासूबाई चकार शब्द बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती चूक सुधारलेली असायची आणि यांना दुसरी सापडलेली असायची. मला सासूबाईंची दया यायची. एकदा बायकोजवळ तसं बोललो, तर ती म्हणाली, "तुला कळत नाही. अप्पा काही बोलले नाहीत ना, तर अम्माला दिवसभर चैन पडत नाही."

तेव्हा आम्ही चेन्नईतच वेलचेरीला राहायचो, तळमजल्यावर. तिथे पावसाळ्यात पाणी भरतं हे घर दाखवणाऱ्या दलालाने सांगितलं नाही, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं ते सामान लावून झाल्यावर. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला, चेन्नईचा पावसाळा तेव्हाच असतो, पाणी दिवाणखान्यात आलं आणि जायचं नाव घेईना. आम्ही तांबरमला सासरी जायचं ठरवलं. बायकोने कागदपत्रं आणि दागिने घेतले. मी टॉवेलात गुंडाळून एक बाटली छातीशी धरली. गुडघाभर पाण्यातून रस्त्यापर्यंत जाताना तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिच्या वडिलांचीच मुलगी ती, नाक मुरडलं.

त्या बाटलीबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या कामासाठी मी काही महिने स्कॉटलंडला होतो. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक म्हातारा, कमी बोलणारा गृहस्थ होता. मी निघालो तेव्हा त्याने ती मला दिली. व्हिस्की होती, पण सगळे ज्या माल्टचे गोडवे गातात ती नव्हे. ही सिंगल ग्रेन, आणि तीस वर्षं पिंपात काढलेली. त्याने मला समजावलं ते असं. माल्ट बार्लीची, तांब्याच्या बुटक्या भांड्यांत थोडी थोडी काढतात. तिला रुबाब असतो, धूर असतो, नखरे असतात. ग्रेन गव्हाची किंवा मक्याची, उंचच उंच नळकांड्यांतून अखंड निघते, सौम्य आणि स्वस्त. तिला कोणी विचारत नाही. ती बहुतेक सगळी मिश्र व्हिस्कीत जाते, आणि बाटलीवर कौतुक छापतात माल्टचं. पण एखादं पिंप कोपऱ्यात राहून गेलं, वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही, तर त्या सौम्य दारूचं काहीतरी वेगळंच होऊन बसतं.

मला ते पहिल्या घोटात कळलं नाही. खरं सांगायचं तर मी निराश झालो. तीस वर्षं म्हटल्यावर काहीतरी गडगडाट होईल असं वाटलं होतं, आणि ही गुपचूप गोड. पण ती घाई करणाऱ्याला भेटतच नाही. पेल्यात अर्धा तास ठेवली की व्हॅनिलाचा वास येतो, मग पिकलेल्या केळ्याचा, मग साखर करपायच्या जरा आधी येतो तसला, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचा. घोट गिळल्यावर तोंडात लाकडाची किंचित तुरट चव राहते आणि मन उगाचच निवतं. मी ती सणासुदीला, चमच्याचमच्याने वापरायचो. पाहुण्यांसाठी सरकारी दारूदुकानाच्या जाळीआडून घेतलेली दुसरी बाटली असायची. या बाबतीत मी कंजूष आहे आणि मला त्याची लाज नाही.

तर ही बाटली घेऊन मी अशा घरात शिरलो जिथे कांदासुद्धा अमावास्या-पौर्णिमा बघून चिरायचे. बाटली सुटकेसमध्ये कपड्यांखाली गेली. आणि पहिल्याच सकाळी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सासऱ्यांनी टंबलर उंच धरून, ओठाला न लावता कॉफीची धार तोंडात सोडली, टंबलर खालच्या वाटीत, म्हणजे डवऱ्यात, ठेवला आणि म्हणाले, "चोखट आहे." चोखट म्हणजे छान. मी बायकोकडे बघितलं. दुपारी सांबार चोखट होतं. रात्री नुसता दहीभात, तोही चोखट.

चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या मला माप्पिळ्ळै म्हणत, म्हणजे जावई. माझं सांगलीचं मराठी त्यांना कायम भांडल्यासारखं वाटायचं, म्हणून माझ्याशी त्या जरा हळूच बोलायच्या.

"माप्पिळ्ळै, यांना काय झालंय तुम्ही विचारा. मला सांगणार नाहींत."

"काय होणार? उलट बरे झालेत की. सगळ्याला चांगलं म्हणतायत."

"तेंच तर," त्या म्हणाल्या. "काल मी काफींत साखरेच्या जाग्याला मीठ घाटलें. मुद्दाम. अस्की, थेंब न सोडतां, पिऊन टाकली. चोखट म्हणटले."

त्यांचे डोळे भरून आले होते. उन्हाळ्यात सासऱ्यांना मोठा ताप येऊन गेला होता, त्यानंतर हे सुरू झालं म्हणाल्या. त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: या माणसाचं लक्ष संसारातून उडालं. ज्याला कशाची खोड काढावीशी वाटत नाही, तो जायच्या तयारीला लागला. मी त्यांना काहीबाही समजावलं आणि सासऱ्यांशी बोलतो म्हटलं.

संध्याकाळी सासरे गच्चीत फेऱ्या मारायचे. मी त्यांच्याबरोबर गेलो आणि आडवळणं न घेता विचारलं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "नाक मेलंय. तापानंतर कशाचाच वास नाहीं. काफी म्हणजे गरम पाणी. रसम म्हणजे आंबट पाणी."

"मग मामींना सांगत का नाही?"

"काय सांगूं? चाळीस वर्षं ती माझ्या नाकासाठीं शिजवत्ये. नाकच नाहीं म्हणटल्यावर तिनें कुणासाठीं शिजवायचं?"

मला त्या क्षणी त्या दोघांचा राग आला आणि तितकीच माया वाटली. हे तिला कळू नये म्हणून खारट कॉफी पितायत, आणि यांचं काहीतरी बिनसलंय हे आपल्याला कळलंय, ते यांना कळू नये म्हणून ती आत डोळे पुसतेय. अळीमिळी गुपचिळी. मधे मी, दोघांचंही गुपित पोटात घेऊन. इकडे आड तिकडे विहीर.

सासूबाईंना बँकेत जातो सांगून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार. औषध नाही. ओळखीचे वास रोज घेत राहा, नाकाला आठवण करून देत राहा. मग आम्ही सासूबाईंची पाठ वळली की डबे उघडू लागलो. लवंग, कापूर, हिंग, कॉफीची पूड. सासरे डोळे मिटून हुंगायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. हिंगाच्या डब्यात नाक घालून तो माणूस इतक्या शांतपणे उभा राहिलेला बघवत नसे.

एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. पंखा नीट फिरतो का विचारलं. खिडकीची कडी बघितली. मग सुटकेसकडे बघत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी लपवत होते खरे.

"तें तुम्ही टॉवेलांत आणलेलं," ते म्हणाले. "त्याला वास असतो नं?"

माझी कानशिलं तापली. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बाटली काढली. त्यांनी चष्मा पुसून लेबल वाचलं. तीस वर्षं वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आदर आला. जुना तांदूळ, जुनी चिंच, जुना गूळ यांच्याबद्दल त्यांना तो फार होता. मी त्यांना माल्ट आणि ग्रेनची गोष्ट सांगितली. पिंपातून दर वर्षी थोडी हवेत उडून जाते, म्हणून इतकी जुनी कमीच उरते, हेही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सांबारातली डाळ. नांव शेंगेचं, पोट भरतं डाळीनें." इतक्या थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पिणार नाहीं," त्यांनी बजावलं. "नुसता वास. वासाला दोष नाहीं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही संध्याकाळी गच्चीत बसू लागलो. काचेचा पेला घरात नव्हता, म्हणून स्टीलचा टंबलर. मी त्यात बोटभर ओतायचो, ते नाकाशी धरायचे. "झोंबतं," ते सांगायचे. "वास नाहीं." मग तो टंबलर माझ्याकडे यायचा. सासऱ्यांनी हुंगून दिलेली व्हिस्की सासरच्या गच्चीत, शेजारच्या नारळाच्या झावळ्यांकडे बघत, तोंड चुकवून पिणारा जावई मीच पहिला असेन. असं बरेच दिवस चाललं. त्यांच्या नाकाला पाझर फुटेना आणि माझी बाटली मात्र उतरत चालली. मी मनातल्या मनात रोज हिशेब करायचो आणि रोज स्वतःवरच चिडायचो.

मग एक दिवस ते झालं. त्या दिवशी सासऱ्यांनी टंबलरबरोबर डवराही वर आणला होता, तो खोलगट वाटीसारखा, कॉफी निववायचा. मी ओतली. त्यांनी हुंगली, मान हलवली. आणि मग, मी काही म्हणायच्या आत, जन्मभराच्या सवयीने टंबलर डोक्याइतका वर नेला आणि धार सोडली. खाली डवरा, वर टंबलर, हातभर लांब धार, मग उलट. कॉफी आटतात तशी; वरखाली ओतून निववण्याला त्या घरात आटणं म्हणत. माझी तीस वर्षांची ग्रेन ते फेस काढण्यासाठी आटत होते.

"मामा," मी ओरडलो, "अहो, कॉफी आहे का ती?" थेंब फरशीवर पडत होते. स्कॉटलंडच्या त्या म्हाताऱ्याने हे बघितलं असतं तर बाटली परत मागितली असती. मी हात पुढे केला, आणि तिथेच थांबलो, कारण गच्चीत वास सुटला होता. पेल्यात अर्ध्या तासाने हळूहळू वर येणारं सगळं एकदम बाहेर आलं होतं. केळं, साखर, आणि खोबरं तर इतकं, की शेजारी कुणीतरी वाटण भाजतंय असं वाटावं.

सासऱ्यांचा हात वरच राहिला होता. "खोबरं," ते म्हणाले.

मला भीती वाटली की बोललो तर जाईल.

"भाजलेलं," ते म्हणाले. "जरा जास्त भाजलंय." आणि त्यांनी पुन्हा धार सोडली, पुन्हा वाकून हुंगलं, आणि या खेपेला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते झोंबल्यामुळे नव्हतं. तो डवरा त्यांनी माझ्या हातात दिला आणि "प्या" म्हणाले. मी प्यालो. इतकी चांगली ती मला त्याआधी कधी लागली नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे. तेव्हापासून आमच्याकडे ती आटूनच घेतली जाऊ लागली.

भांडी धुणाऱ्या सासूबाईंपासून हे लपणं शक्यच नव्हतं. एका सकाळी एक टंबलर आणि एक डवरा वेगळ्या फळीवर दिसले, दोन्हींच्या काठाला हळदीचा टिळा लावलेला. "तें औषधाचं जोड," त्या म्हणाल्या. "देवाच्या भांड्यांत मिसळूं नका." कसलं औषध ते त्यांनी विचारलं नाही; आम्हाला डबे उघडून हुंगताना त्यांनी कधीच पाहिलं असणार. सोवळंओवळं पाळणाऱ्या त्या बाईने केवढी उडी मारली होती, ते मला तेव्हा नीट कळलं.

पण खोबऱ्याच्या पुढे गाडी जाईना. व्हिस्कीतलं खोबरं यायचं, कधी केळं यायचं. खाली उतरलं की कॉफी पुन्हा गरम पाणी. जेवताना ते "चोखट" म्हणायचे आणि सासूबाई पदर नीट करायच्या. दरम्यान वेलचेरीचं पाणी ओसरलं, आम्ही भिंती धुऊन घेतल्या, आणि जायचा दिवस आला. बाटलीत तळाशी थोडी उरली होती. मी ती बॅगेत भरली, मग काढली, मग पुन्हा भरली. बायको दारात उभी राहून बघत होती. शेवटी मी ती औषधाच्या जोडाशेजारी फळीवर ठेवून आलो. शेअर ऑटोत बसल्यावर बायकोने माझा हात धरला, आणि तांबरमचा नाका ओलांडेपर्यंत सोडला नाही.

पोंगल होऊन गेल्यावर एका रविवारी आम्ही जेवायला गेलो. बाटली रिकामी झाली होती. सासूबाईंनी ती धुऊन उन्हात पालथी घातली होती. मी सासऱ्यांना भुवईनेच विचारलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सगळे जेवायला बसलो. सासूबाई वाढत होत्या. त्या थकलेल्या दिसत होत्या, केस कसेतरी गुंडाळलेले. भातावर रसम घालायला त्या सासऱ्यांच्या पानावर वाकल्या, आणि सासऱ्यांनी एकदम मान मागे घेतली.

"तेल खवट झालंय," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, भाजीतलं. बायको वांगं हुंगू लागली.

"डोक्याचं," सासरे म्हणाले. "खोबऱ्याचं तेल. खवट. किती दिवसांचं लावत्येस?"

सासूबाई पळी हातात धरून तशाच वाकलेल्या राहिल्या. पळीतलं रसम थेंब थेंब भातावर पडत होतं. त्यांनी विचारलं, "वास आला?"

"येणार नाहीं तर काय? मगासपासून येतोय."

सासूबाईंनी रसमाचं भांडं खाली ठेवलं आणि आत गेल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने मागोमाग गेलो. त्या फळीवरची तेलाची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. तेल पिवळं पडलं होतं. "खरंच खवट आहे, माप्पिळ्ळै," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून तेंच लावत होतें. यांनाच वास नाहीं, मग नवं आणून कुणाला?"

त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. बाटली मोरीत उपडी केली, शिकेकाईचा डबा काढला आणि भर जेवणात, सगळ्यांना पानावर बसवून, नहायला गेल्या.

मी बाहेर येऊन बसलो. बायको म्हणाली, "अप्पा, जेवा ना, भात निवतोय." आत बादलीत पाणी पडत होतं. सासरे हात पानावर धरून, न्हाणीच्या दाराकडे बघत बसले होते, आणि ती बाहेर येईपर्यंत त्यांनी पुढचा घास घेतला नाही.